भिंत एक की दोन?

जुनी घरं, जुनी बांधकामं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमचा वाडा उत्तर कसब्यात आहे, पणजोबांनी बांधलेला. पुढची भिंत दगडी, अडीच फूट जाड आणि पंधरा फूट उंच. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत. चुलतभावांना वाडा पाडून अपार्टमेंट करायचंय. त्यांनी एका कन्सल्टंटकडून कॉम्प्युटरवर वाड्याचं मॉडेल करून घेतलं. चाळीस पानांचा रिपोर्ट आलाय आणि त्यात आमचा वाडा लालभडक दिसतो. 'भूकंपात पडणार, हे कॉम्प्युटरच सांगतोय,' असं त्यांचं म्हणणं. किल्लारीच्या वेळी वाड्याला केसाएवढी चीर गेली नव्हती. मग खरं कोणाचं, कॉम्प्युटरचं की वाड्याचं? आणि माळवद काढून स्लॅब टाकला तर मजबूत होईल का?
(द. के., उत्तर कसबा, सोलापूर)

उत्तर : काका, रिपोर्टची झेरॉक्स सोबत पाठवलीत हे फार बरं केलंत. लोक मला फक्त शेवटचं पान पाठवतात. मला सहावं-सातवं पान बघायचं असतं, जिथे मॉडेलमध्ये काय काय गृहीत धरलंय ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आधी वाड्याच्या बाजूचं बोलू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मलाही आठवते. विसर्जनाची मिरवणूक बघून आम्ही उशिरा झोपलो होतो, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. चार वाजायला काही मिनिटं असताना मांडणीवरची पितळेची भांडी वाजायला लागली. आईला वाटलं मांजर शिरलं. बाहेर आलो तर अख्खी साखर पेठ रस्त्यावर. पण काका, किल्लारी इथून सरळ रेषेत सत्तर-ऐंशी किलोमीटर. ६.२ तीव्रतेचा तो भूकंप आपल्यापर्यंत पोचला तेव्हा त्यातला जोर बराच ओसरला होता. वाडा परीक्षेत पास झाला हे खरं, पण पेपर सोपा होता. त्यावरून पुढच्या पेपरची खात्री देता येत नाही. आणि त्या काळी भूकंपाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं, हेही विसरू नका. भूकंपासाठीचं 'भारतीय मानक क्रमांक १८९३' आहे, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे सोलापूर झोन ३ मध्ये येतं. त्या झोनसाठी धरलेला आकडा आहे ०.१६, म्हणजे जमीन आडवी हलताना गुरुत्वाकर्षणाच्या ०.१६ पट धक्का देऊ शकते असं धरून चालायचं. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

आता कॉम्प्युटरकडे वळू. तुमच्या भावांना लाल रंग म्हणजे 'पडणार' असं वाटलं. तसं नसतं. या प्रकारच्या मॉडेलमध्ये भिंतीचे हजारो छोटे तुकडे करतात, आम्ही त्याला जाळी म्हणतो, आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते काढतात. ताण जास्त असेल तिथे सॉफ्टवेअर लाल रंग भरतं. पण तुमच्या रिपोर्टातलं मॉडेल साधं, सरळ रेषेतलं आहे. त्यात दगड आणि चुना एकमेकांना लोखंडासारखे ओढून धरतात असं मानलंय. खऱ्या भिंतीत दगडांमधल्या दरजा ओढ सोसतच नाहीत. तिथे फट पडते, भिंत जरा उघडते, भार दुसऱ्या वाटेनं जातो. फट पडली म्हणजे भिंत गेली असं नाही. आणखी एक गंमत सांगते. खिडकीच्या, देवळीच्या (भिंतीतल्या कोनाड्याच्या) कोपऱ्यात अशा मॉडेलला लाल रंग येतोच येतो, आणि जाळी जितकी बारीक कराल तितका तो आकडा वाढत जातो, कुठे थांबतच नाही. हा गणिताचा गुण आहे, वाड्याचा दोष नाही. खिडकीचा कोपरा लाल बघून वाडा पाडायचा ठरवला तर सोलापुरात एक वाडा उरायचा नाही.

म्हणून मी रिपोर्ट फेकून द्या म्हणतेय असं समजू नका. सातव्या पानावर खरी गडबड आहे. भिंतीच्या कडकपणाचा जो आकडा घातलाय तो ५०,००० मेगापास्कलच्या आसपास आहे. हा आकडा काळ्या दगडाच्या अखंड नमुन्याचा. भिंत म्हणजे तो दगड नव्हे. भिंत म्हणजे दगड, त्यांच्यामधला चुना किंवा माती, आणि मधे कोंबलेला डबर. इटलीत अशा भिंती ढिगानं आहेत आणि भूकंपही. त्यांच्या नियमावलीत ओबडधोबड दगडांच्या भिंतीसाठी साधारण ७०० ते १,०५० मेगापास्कल दिलेत. म्हणजे तुमचं मॉडेल खऱ्या भिंतीपेक्षा पन्नास-साठ पट ताठ आहे. अशा मॉडेलनं लाल दाखवलं काय आणि हिरवं दाखवलं काय, मी त्यावर सही करणार नाही.

या चुकीला मी हसत नाही, कारण याहून मोठी चूक मी स्वतः केलीय. वीसेक वर्षांपूर्वी बार्शीकडच्या एका वाड्याचं मॉडेल केलं होतं. भिंत तीन फूट जाड. मालक म्हणाले, 'बाई, तोफ डागली तरी हलायची नाही.' मीही टेप लावून जाडी मोजली, तीन फुटांची एकसंध भिंत धरली, आकडे उत्तम आले, अभिप्राय दिला. दोन महिन्यांनी त्यांनी मोरीच्या पाइपसाठी भोक पाडायला घेतलं आणि मला फोन आला. जाऊन बघते तर बाहेरून एक फुटाचा घडीव दगडांचा पदर, आतून एक फुटाचा साध्या दगडांचा, आणि मधल्या फूटभर जागेत राख, दगडाच्या कपच्या, माती, फुटक्या बांगड्या. भिंतीच्या आरपार जाणारा एकही दगड नाही. तिथला म्हातारा गवंडी शांतपणे म्हणाला, 'मालकीणबाई, ही एक भिंत नाही, दोन बहिणी हायत. मधी भांडण लागलं की वेगळ्या निघतील.' मी अभिप्राय मागे घेतला. त्या दिवसापासून टेप लावून भिंतीची जाडी मोजणं बंद केलं, आधी आत काय आहे ते बघते.

या दोन बहिणींचा हिशोब तुम्हाला कॉम्प्युटरशिवाय, पोस्टकार्डावर करता येईल. सुटी उभी भिंत आडव्या धक्क्यानं डुलायला कधी लागते? तिच्या जाडीला उंचीनं भागलं की जो आकडा येतो, गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट धक्का बसला की. तुमची भिंत अडीच फूट जाड, पंधरा फूट उंच. अडीच भागिले पंधरा, ०.१७. झोनचा आकडा ०.१६. जेमतेम का होईना, भिंत वर आहे. आता धरा की भिंतीच्या आत दोन पदर आहेत, प्रत्येकी एक फुटाचे, मधे सैल भराव. मग प्रत्येक पदर आपापला एकटा डुलणार. एक भागिले पंधरा, ०.०७. निम्म्याहूनही कमी. बाहेरून अडीच फुटांची तीच भिंत, फक्त आतलं गुपित वेगळं.

डुलायला लागणं म्हणजे पडणं नव्हे, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. भिंत पडते ती तिचा मध्य पायाच्या कडेबाहेर गेला की. धक्का एका दिशेला फार वेळ टिकत नाही, लगेच उलट फिरतो, त्यामुळे जाड भिंत डुलून परत जागेवर बसू शकते. तो सगळा खेळ, किती डुलेल, कुठे आपटेल, परत येईल का, हे बघायला कॉम्प्युटर खरंच लागतो. पण त्याला आधी सांगावं लागतं की भिंत एक आहे का दोन. ते त्याला आपोआप कळत नाही.

किल्लारीच्या भूकंपानंतर महिन्याभरानं आम्ही काही विद्यार्थी सास्तूर भागात पाहणीला गेलो होतो. सगळ्यात जास्त दिसलं ते हेच. घरोघरी भिंतीचा बाहेरचा पदर गल्लीत आडवा, आतला पदर उभा, त्यातल्या देवळीत तेलाचा डाग तसाच. कितीतरी ठिकाणी भिंती ढासळल्या होत्या आणि लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा माळवद डोक्यावर घेऊन उभा होता. त्या पहाटे आठ ते दहा हजार माणसं गेली, ती बहुतेक या मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या ढिगाऱ्याखाली.

माळवदावरून तुमचा दुसरा प्रश्न. आपल्याकडे पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची पद्धत. दर दोन-चार वर्षांनी आणखी एक थर, जुना कोणी काढत नाही. दीड फूट माती झाली की दर चौरस मीटरला पाऊण टन वजन. तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीवर नऊ टन. एवढं वजन घराच्या सगळ्यात वरच्या टोकाला, आणि भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात. तुमच्या वाड्यात माळवद खांबांवर असेल तर ते वजन भिंतीला दाबून स्थिर ठेवत नाही, उलट हलताना तुळयांची टोकं भिंतीला आतून धडका देतात. तुमच्या रिपोर्टात माळवद म्हणजे चारही भिंतींना घट्ट धरणारी ताठ फळी मानलीय. ती सोय आपल्या किलच (तुळयांवर टाकलेल्या लाकडी पट्ट्या) आणि मातीच्या छतात नाही.

मग स्लॅब टाकला तर? नको, काका. हा प्रयोग इटलीनं आपल्या आधी करून ठेवलाय. तिथे दगडी घरांवरची लाकडी छतं काढून मजबुतीच्या नावाखाली काँक्रीटची छतं टाकली. १९९७ च्या सप्टेंबरात उंब्रिया भागात भूकंप झाला तेव्हा अशी अनेक छतं एकसंध राहिली आणि खालच्या कमजोर भिंतींचा चुरा झाला. त्याच भूकंपात असिसीच्या प्रसिद्ध चर्चमधल्या दगड-विटांच्या कमानींच्या छताचे दोन भाग कोसळले. पहाटेच्या धक्क्यानंतर पाहणी करायला आत गेलेली माणसं दुपारच्या आधी आलेल्या दुसऱ्या धक्क्यात सापडली, चौघे गेले. कारण शोधताना कळलं की कमानींच्या पाठीवर शतकानुशतकं राडारोडा साचत गेला होता आणि हलताना तो सरकत होता. आपल्या माळवदाची आठवण येते की नाही?

तेव्हा काय करायचं ते सांगते. रिपोर्ट करणाऱ्याशी भांडू नका, त्याला परत बोलवा आणि वाड्यात एक दिवस घालवायला लावा. चार-पाच ठिकाणी वीतभर गिलावा काढा, त्यातलं एक ठिकाण दोन भिंतींच्या कोपऱ्यात हवं. कोपऱ्यात दगड एकमेकांत गुंतलेत की दोन भिंती नुसत्या शेजारी उभ्या आहेत, ते दिसेल. ते गुंतलेले असतील तर आडव्या भिंती पुढच्या भिंतीला धरून ठेवतात आणि वरचा माझा पोस्टकार्डावरचा हिशोब बराच सुधारतो. बोट जाईल एवढं भोक पाडून, नळ-ड्रेनेजवाले वापरतात तसला वायरीचा कॅमेरा आत घाला. मधला भराव सैल असेल तर लगेच कळतं. पैसे असतील तर वाड्यावर कंपनमापक लावून घ्या. रस्त्यावरच्या ट्रक-रिक्षांनी, वाऱ्यानं वाडा सतत बारीक थरथरत असतो, त्यावरून त्याची स्वतःची लय सापडते. मॉडेल सांगतं वाडा सेकंदाला आठ वेळा हलतो आणि मापक सांगतं चार वेळा, तर खरा कडकपणा मॉडेलच्या निम्मा नाही, चौथा हिस्सा आहे. लय अर्धी तर कडकपणा पाव. मग आकडे बदलून मॉडेल परत चालवायचं, आणि एकदाच नाही. पन्नास वेळा, दर वेळी चुना थोडा कमी-जास्त, भराव थोडा सैल-घट्ट, छताची पकड वेगवेगळी. कुठल्या आकड्यानं उत्तर सगळ्यात जास्त बदलतं ते बघायचं आणि जागेवर जाऊन तेवढा एक आकडा नीट तपासायचा. मॉडेलचा खरा उपयोग हा.

आणि भिंत दोन निघाल्या तर त्यांचं लग्न लावून देता येतं. किल्लारीनंतर हे काम गावोगावी झालंय. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे आरपार दगडाचं काम होतं. नव्या बांधकामात असे दगड दर दोन फूट उंचीला आणि चार फुटांच्या आत ठेवायला भारतीय मानक १३८२८ सांगतं. शिवाय माळवदावरची जादा माती उतरवा, तुळयांची टोकं भिंतीशी बांधा, आणि समोरासमोरच्या भिंती लोखंडी सळ्यांनी जखडा. अपार्टमेंटच्या खर्चापुढे हे फार कमी आहे, पण भावांना अपार्टमेंट भूकंपासाठी हवंय असं तुम्हालाही वाटत नसेल.

प्रश्न : शेकडो वर्षांची देवळं कॉम्प्युटरशिवाय बांधली आणि अजून उभी आहेत. मग हे सगळं कशाला?
(वि. मा., बाळीवेस, सोलापूर)

उत्तर : उभी आहेत तीच आपण बघतो. पडलेल्या देवळांचे कोरीव दगड किल्ल्यांच्या तटांत आणि विहिरींच्या पायऱ्यांत सापडतात, त्यांना कोणी विचारत नाही. पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. चुन्याशिवाय, घडीव दगडावर घडीव दगड ठेवून केलेलं बांधकाम भूकंपात जरा घसरतं, जरा उघडतं आणि बरीचशी ताकद तिथेच खर्ची पडते. केंब्रिजच्या जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये दगडी बांधकामाचा विचार करायला तीन साधी गृहीतकं मांडली : दगड ओढ सोसत नाहीत, दाबानं चिरडत नाहीत, आणि एकमेकांवरून घसरत नाहीत. तेवढ्यावर कमान उभी राहील का ते कागदावर ठरवता येतं. तिसरं गृहीतक भूकंपात नेहमी टिकत नाही, म्हणून प्रत्येक दगड सुटा धरणारी मॉडेलं आली. पीटर कंडल यांनी १९७१ मध्ये ती भेगाळलेल्या खडकांसाठी मांडली होती, आज देवळांना आणि मनोऱ्यांना लावतात. आणि परंपरा माणसाला वाचवतेच असं नाही. काठमांडूचा धरहरा मनोरा १९३४ च्या भूकंपात पडला, पुन्हा उभा केला, २०१५ ला पुन्हा पडला.

प्रश्न : मॅडम, मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी जुनी दगडी इमारत घ्यायची आहे. कोणतं सॉफ्टवेअर शिकू?
(एक विद्यार्थी, विजापूर रोड)

उत्तर : आधी पेन्सिल. वर काकांना दिलेला भागाकार प्रत्येक भिंतीसाठी कर. त्यानंतर भिंतीला खांब आणि पट्ट्यांचा सांगाडा समजणारी पद्धत शिक, इटलीत जेनोवा विद्यापीठात तिच्यावर बरंच काम झालंय आणि ती साध्या लॅपटॉपवर चालते. सुट्या दगडांची मॉडेलं सगळ्यात शेवटी, त्यांना वेळ फार लागतो.

आणि आपलं मॉडेल बरोबर आहे का हे तपासायला परदेशी उदाहरण शोधायची गरज नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला आडव्या भेगा गेल्या, त्या साडेसहासष्ट मीटर उंचीच्या आसपास, जिथे धरणाच्या पाण्याविरुद्धच्या, कोरड्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. धक्क्याची नोंदही धरणातच झाली होती. ती नोंद मॉडेलला दिली की भेग त्याच मानेपाशी यायला हवी. जगभरातली मुलं आपलं सॉफ्टवेअर तपासायला अजून कोयना घेतात. तू पश्चिम महाराष्ट्रातला, तुला तर घ्यायलाच हवं. तुझी भेग पायथ्याशी एकटीच आली तर रिपोर्ट लिहायला घेऊ नकोस.

प्रश्न : मोबाइलवरच्या ॲपनं आमच्या घराचं कंपन मोजता येईल का?
(सौ. ज. पा., पूर्व भाग)

उत्तर : शेजारी यंत्रमाग चालू असेल तर त्याचं मोजता येईल. घराचं बारीक थरथरणं फोनच्या स्वतःच्या गोंगाटात हरवून जातं. त्यापेक्षा फोन दुसऱ्या कामाला वापरा. भिंतीवरच्या चिरेवर पेन्सिलीनं तारीख घाला, शेजारी शाळेतली पट्टी धरा आणि दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढा. सहा महिन्यांचे फोटो मला पाठवा. पट्टी विसरू नका, मागच्या वेळी एका वाचकांनी पट्टीऐवजी रुपयाचं नाणं ठेवलं होतं, आणि ते दर फोटोत वेगळं होतं.